धग वेगळी, ऊब वेगळी

लाकडावर चालणारी जुनी शेगडी घर जास्त तापवते की नवी, हा वाद थंड मुलखांत दर हिवाळ्यात पेटतो आणि दर हिवाळ्यात त्याच जागी विझतो. एक जण म्हणतो, आमच्या आजोबांच्या बिडाच्या शेगडीपासून तीन हातांवरही उभं राहवत नसे. ही नवी काचेची पेटी म्हणजे नुसतं आगीचं चित्र. दुसरा कंपनीचं पत्रक पुढे करतो: पंचाहत्तर टक्के कार्यक्षमता, धूर नव्वद टक्क्यांनी कमी. पहिला अंगाने मोजतो, दुसरा कागदाने. आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो आहोत हे मात्र दोघांपैकी कुणाच्या गावी नसतं. (शेगडी म्हणजे इथे खोली तापवणारी, दार असलेली, धुराड्याला जोडलेली बंद पेटी. उघड्या आगीचा विषय वेगळा. तिची बहुतेक उष्णता थेट वरच जाते आणि त्यावर कुणी वादही घालत नाही.)

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. एक किलो लाकडातून घराला किती उष्णता मिळाली एवढंच पाहिलं, तर चांगली नवी शेगडी जुनीला सहज मागे टाकते. पण जुन्या शेगडीवाल्याचा अनुभव खोटा नाही. तो बोलतोय धगेबद्दल आणि पत्रकवाला बोलतोय उबेबद्दल. आपल्या भाषेत हे दोन शब्द आयते आहेत, तर ते वापरूया. धग अंगाला लागते. समोर बसलं की छातीला, वळून बसलं की पाठीला. ऊब घरात मुरते. पहाटे पलीकडच्या खोलीत पाय टाकला की ती आहे की नाही ते कळतं. 'जास्त गरम कोण' असं विचारलं की दोन्ही एकाच पारड्यात पडतात, आणि मग काटा हवा तिकडे झुकवता येतो. शिवाय नव्या शेगडीच्या विजयाला दोन अटी आहेत: लाकूड वाळलेलं हवं आणि शेगडी घराच्या मापाची हवी. या अटी विकणाराही सांगत नाही आणि विरोध करणाराही विचारत नाही.

जुन्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ, कारण समोरचे लोक तो हसण्यावारी नेतात. तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारं प्रारण, म्हणजे थेट अंगावर येणारी उष्णता, त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवले की येणाऱ्या) चौथ्या घाताप्रमाणे वाढतं. एका शेगडीचं अंग ४०० अंश सेल्सियसवर असेल आणि दुसरीचं २५० वर, तर तेवढ्याच क्षेत्रफळातून पहिली जवळजवळ पावणेतीनपट प्रारण फेकते. जुन्या शेगडीत आग आणि खोली यांच्यामध्ये बहुधा बिडाची किंवा पोलादाची एकच भिंत असते. नव्या शेगडीत आगीची पेटी मुद्दाम उष्णता अडवणाऱ्या विटांनी किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या पाट्यांनी वेढलेली असते. कित्येकदा बाहेरून दुसरं कवच असतं आणि मधल्या फटीतली हवा तापून वर सरकत खोलीभर पसरते. त्यामुळे धग येते ती मुख्यतः पुढच्या काचेतून. समोर खुर्ची टाकून बसणाऱ्याला नवी शेगडी मिळमिळीत वाटते, आणि त्याच्या त्वचेचा हा निकाल अगदी बरोबर असतो.

त्यात पेटीच्या आकाराची भर. २० टक्के ओलावा असलेलं एक किलो लाकूड पूर्ण जळालं तर साधारण ४ युनिट उष्णता मिळते. विजेच्या बिलात असतं तेच युनिट. समजा जुन्या मोठ्या शेगडीत तासाला ५ किलो लाकूड जातं आणि त्यातली निम्मी उष्णता खोलीला मिळते: तासाला १० युनिट. नव्या लहान शेगडीत २ किलो जातं आणि पंचाहत्तर टक्के मिळते: ६ युनिट. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण जगावेगळे नाहीत. मग जुनीची खोली जास्त तापली यात नवल ते काय? पण त्याच तासात जुनीने आणखी १० युनिट धुराड्यातून आभाळाला दिली आणि नवीने फक्त २. नव्या पद्धतीच्याच मोठ्या शेगडीतून तीच १० युनिट काढायची तर ५ किलोंऐवजी ३.३ किलो पुरतात, म्हणजे एक तृतीयांश लाकूड वाचतं. 'जुनी जास्त तापते' या वाक्यात बऱ्याचदा 'जुनी जास्त खाते' एवढंच दडलेलं असतं. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बवर वाढलेली आपली पिढी नऊ वॅटचा एलईडी पाहून 'यात काय उजेड पडणार' म्हणाली होती, तशातलाच हा प्रकार: आपण खर्च मोजत होतो आणि त्याला उजेड म्हणत होतो. अर्थात ज्याच्या घराला १० ची गरज होती आणि विक्रेत्याने ६ ची शेगडी गळ्यात मारली, तो कुडकुडणारच. त्याची तक्रार खरी आहे, पण ती मापाची आहे. फुटते मात्र नव्या शेगड्यांच्या सगळ्या पिढीच्या माथ्यावर.

उरलेली उष्णता जाते कुठे, हे समजायला लाकूड जळतं कसं ते पाहायला हवं, आणि या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते नेमकं यावरच. लाकूड आधी सुकतं, मग तापून फुटतं. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा. ज्याला आपण धूर म्हणतो तो बराचसा हाच न जळलेला माल, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायू-वाफांत असते. हा माल नीट पेटायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, शिवाय हवा आणि थोडा वेळ. जुन्या शेगडीत यातलं एक ना एक कमी पडतं. हवेची झडप उघडी ठेवली तर ज्वाळा सरळ धुराड्यात घुसतात. झडप मिटली तर आग धुमसत राहते आणि वायू तसेच निघून जातात. नव्या शेगडीत वर आडवी पाटी असते, तिच्यामुळे वायूंना वळसा घ्यावा लागतो. पेटीच्या माथ्याशी बारीक भोकांतून तापवलेली हवा सोडली जाते आणि तिथे दुसरी आग लागते. काही शेगड्यांत प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेली चिनी मातीची जाळी असते, तिला उत्प्रेरक जाळी म्हणतात. तिच्या सान्निध्यात हाच धूर २६० अंशांच्या आसपासही जळू लागतो. आता ध्यानात येईल, आगीची पेटी विटांनी का वेढलेली असते. आतली उष्णता आतच राखल्याशिवाय धूर जळत नाही. धग जी कमी झाली ती चुकून नव्हे. तिच्या बदल्यात धुरातली ऊर्जा विकत घेतली आहे.

इथवर नव्या बाजूची वकिली झाली. आता तिची लबाडी. 'धूर नव्वद टक्क्यांनी कमी' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप 'उष्णता कितीतरी जास्त' असं उमटतं, आणि उमटू दिलं जातं. अमेरिकेत ओरेगन राज्याने १९८३ मध्ये लाकडी शेगड्यांच्या धुरावर पहिला कायदा केला. १९८८ मध्ये तिथल्या ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने देशभरासाठी नियम आणले. १९९० पासूनची मर्यादा होती तासाला धुरातले ७.५ ग्रॅम कण, उत्प्रेरक जाळी असलेल्या शेगडीला ४.१ ग्रॅम. २०१५ च्या सुधारणेत ती ४.५ झाली आणि २०२० पासून २ ग्रॅम. जुन्या, विनाचाचणी शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडत. शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे आणि तेवढ्यासाठीही जुनी शेगडी काढावी असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण उष्णतेचा हिशेब वेगळा. तासाला ३० ग्रॅम कण सगळे जाळले तरी फार तर पाव युनिट मिळेल. शेगडीची खरी गळती कणांत नाही. ती कार्बन मोनॉक्साइडसारख्या न जळलेल्या वायूंत आणि त्याहूनही जास्त धुराड्यातून तापून निघून जाणाऱ्या हवेत आहे. अमेरिकेचे हे नियम कार्यक्षमता मोजून जाहीर करायला सांगतात, किमान किती असावी ते सांगत नाहीत. युरोपीय संघात मात्र २०२२ पासून बंद दाराच्या लाकडी शेगडीला किमान ६५ टक्क्यांची अट आहे. म्हणजे धूर कमी झाला म्हणून ऊब त्याच प्रमाणात वाढली, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. म्हणतात ती पत्रकं.

पत्रकातली टक्केवारीही जपून वाचावी. लाकडातल्या पाण्याची वाफ होऊन जी उष्णता निघून जाते ती युरोपात मुळात जमेलाच धरत नाहीत. अमेरिकेत बहुधा धरतात. म्हणून अमेरिकी पद्धतीने ७० टक्क्यांवर असलेली तीच शेगडी युरोपच्या कागदावर ७५ च्या पुढे जाते. एक कागद इथला, एक तिथला घेऊन तुलना करणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत. जुन्या बाजूचा आणखी एक आक्षेप मात्र मान्यच करायला हवा: प्रयोगशाळेतली आग घरातली आग नसते. अमेरिकेत वर्षानुवर्षं चाचणी होत आली ती डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या मापात कापलेल्या पट्ट्यांची घडवंची रचून. घरात कोण असं रचतं? २०२३ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षक कार्यालयाने अहवाल दिला की शेगड्या बाजारात येण्याआधी त्यांची नीट चाचणी झालीच आहे याची खात्री हा कार्यक्रम देऊ शकत नाही. हा घरचा आहेर आहे आणि तो गंभीर आहे. पण त्यावरून 'म्हणजे जुनीच बरी' हा निष्कर्ष कसा निघतो? नवीची परीक्षा ढिसाळ झाली असेल. जुनी तर परीक्षेला बसलीच नव्हती. न बसलेल्याला पास म्हणायची ही कुठली रीत?

या सगळ्यावर कुरघोडी करणारी गोष्ट म्हणजे ओलं लाकूड. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनातलं अर्धं पाणी असू शकतं. अशा एक किलोत हाती येते साधारण सव्वादोन युनिट, वाळलेल्याच्या निम्म्याच्या जरा वर. लोकांना वाटतं की बाकीची उष्णता पाणी उकळण्यात गेली. तसं नाही. किलोमागे लाकूडच अर्धा किलो आहे, हे खरं कारण; त्या अर्ध्या किलोच्या उष्णतेतला वाफेने नेलेला वाटा सुमारे १३ टक्के भरतो. खरा घात पुढे होतो. वाफ आगीला थंड ठेवते, ६०० अंश गाठले जात नाहीत आणि धूर न जळता निघतो. म्हणजे नव्या शेगडीचा जो एकमेव हुकमी एक्का, त्यावरच घाव. ओल्या लाकडावर नवी शेगडी जुनीपेक्षाही वाईट वागू शकते: काच काळी पडते, आग गुदमरते आणि थंड धुराड्यात डांबरासारखा क्रिओसोट साचतो, जो पुढे एखाद्या रात्री धुराड्यातच पेट घेतो. जुनीला ओलं-सुकं सगळं चालतं असं म्हणतात ते एवढ्याच अर्थाने, की तिच्याकडे बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तरीही धूर कमी करण्याच्या बहुतेक योजनांचा सगळा भर शेगडी बदलण्यावर असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! इंग्लंडने २०२१ च्या मे महिन्यापासून किरकोळ प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालणार नाही असा नियम केला, तो मला कित्येक शेगडीबदल योजनांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. योजना वाया जातात असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिबी या डोंगरांनी वेढलेल्या गावात २००५ ते २००७ दरम्यान हजाराहून अधिक जुन्या शेगड्या बदलल्या आणि हिवाळ्यातली बाहेरची हवा मोजण्याइतकी सुधारली. पण घरांच्या आत मोजलं तेव्हा फरक घरागणिक वेगळा निघाला; कुठे भरपूर, कुठे नगण्य. असा फरक पडतो तेव्हा कोण काय जाळतं, कसं जाळतं, झडप किती लवकर मिटतं हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर लोखंडात सापडत नाही.

ही गोष्ट आजची नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात आपली शेगडी काढली आणि पेटंट घ्यायला नकार दिला. त्याची कल्पना आजच्या शेगडीच्या जवळची होती: धूर थेट वर न सोडता आडव्या भिंतीमागून खाली उतरवायचा, त्याची उष्णता काढून घ्यायची आणि मगच धुराड्यात जाऊ द्यायचा. पण धूर खाली उतरायला धुराडं आधी चांगलं तापलेलं लागतं. ते तसं राहत नसे आणि धूर घरात पसरे. लोकांनी मग काय केलं? तो वळसाच काढून टाकला. पुढे 'फ्रँकलिन शेगडी' या नावाने घराघरांत गेली ती त्याच्या मूळ कल्पनेला वगळून. आज नव्या शेगडीतली वरची पाटी काढून 'आता कशी मस्त पेटते' म्हणणारे त्याच परंपरेतले. आणि गंमत पाहा, जिला आज आपण 'जुनी' म्हणतो ती १९७३ च्या तेलसंकटानंतरची हवाबंद पोलादी शेगडी त्या वेळी नवी होती. रात्री भरून झडप मिटली की सकाळपर्यंत निखारे, ही तिची जाहिरात. ती रात्रभर धुमसायची, धुराडी तुंबायची आणि डोंगरांमधल्या गावांवर सकाळी धुराची गोधडी पसरलेली असायची. ओरेगनचा कायदा त्या धुरातूनच आला. 'पूर्वीच्या शेगड्या रात्रभर चालायच्या' असं म्हणताना लोक बहुधा या धुमसण्याचीच आठवण काढत असतात. आज उत्प्रेरक जाळीच्या शेगड्या तेच काम धूर जाळून करतात, पण त्यांची जाळी काही हिवाळ्यांनी बदलावी लागते, हेही सांगायला हवं.

वयावरून न्याय करायचाच झाला तर आणखी मागे जाऊ. १७६७ मध्ये स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई होती, तेव्हा कार्ल योहान क्रोनस्टेड आणि फॅबियन व्रेडे यांनी चिनी मातीच्या फरश्यांची उंच शेगडी सुधारली: धूर विटांच्या वाटांतून वर-खाली फिरवायचा आणि मगच सोडायचा. अशा शेगडीत लाकूड थोड्या वेळात, मोकळ्या हवेत, भडभडून जाळतात. आग विझते, आणि विटांत साठलेली उष्णता पुढे कित्येक तास हळूहळू खोलीत उतरत राहते. अंगाला चटका नाही, पण सकाळी खोली कोमट. धग जवळजवळ नाही आणि ऊब पुरेपूर. अडीचशे वर्षांपूर्वीची ही शेगडी आजच्या कित्येक लोखंडी शेगड्यांना लाज आणील. मग 'जुनी की नवी' या प्रश्नाचं काय करायचं? माझ्या मते तो सोडून द्यावा, आणि तीन साधे प्रश्न विचारावेत: धूर जळतो का, धुराड्यात जाणारी हवा किती तापलेली आहे, आणि लाकडात पाणी किती. पहिल्याचं उत्तर बाहेर उभं राहून धुराड्याकडे पाहिलं तरी मिळतं. दुसऱ्याला धुराड्याच्या नळीवर लावायचा तापमापक लागतो. तिसऱ्याला दोन टोचण्यांचा ओलावामापक, आणि तोही ताज्या फोडलेल्या ढलपीच्या आतल्या बाजूला टोचायचा. बाहेरून टोचला तर तो हमखास गोड बोलतो.

धुराड्याचंही एक देणं असतं, ते विसरून चालत नाही. पंख्याशिवाय चालणाऱ्या शेगडीत धूर वर खेचणारी ओढ टिकवायला आणि क्रिओसोट साचू न द्यायला काही उष्णता वर सोडावीच लागते. म्हणून शंभर टक्क्यांच्या जवळपासचा आकडा कुणी सांगितला तर शेगडी न पाहताच निघून यावं.

टिकाऊपणात जुनी पुढे आहे, हे निर्विवाद. बिडाची पेटी दोन पिढ्या निघते. नवीच्या आतल्या पाट्या तडकतात, दार हवाबंद करणारी दोरी झिजते, आणि भाग वेळेवर बदलले नाहीत तर कागदावरची कार्यक्षमता कागदावरच राहते. रोज, सबंध हिवाळाभर पेटणाऱ्या शेगडीत वाचलेलं लाकूड ही कटकट भरून काढतं. पण वर्षातून चार-सहा दिवस उघडणाऱ्या डोंगरातल्या खोपटाचं तसं नाही. तिथे गोठलेल्या भिंतींत माणूस संध्याकाळी येतो, त्याला अर्ध्या तासात बोटं मोकळी करायची असतात आणि परवा तो परत जाणार असतो. उष्णता मुरवायला तिथे वेळच नसतो. तिथली जुनी बिडाची शेगडी काढून नवी बसवा असं मला कुणी सांगितलं, तर मी त्याला एवढंच म्हणेन, राहू दे ती, फक्त लाकूड वाळलेलं ठेव.